सायकलचे दुकान कुठे गेले? बेळगाव ते कुंडल रोड, १९१०

१/
मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या बाजारपेठेतले एखादे दुकान बंद होते आणि शटरवर फलक लागतो : ‘आमचे दुकान स्थलांतरित झाले आहे.’ मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि मोटारी विकणारी दुकाने गावोगावी अशीच पेठेतून निघून मोठ्या रस्त्याच्या कडेला गेली. फलक वाचून लोक पुढे जातात. त्या एका ओळीमागे मात्र तीन प्रश्न असतात.

२/
जागा सोडण्याचा निर्णय कोणाचा होता? नवी जागा कोणत्या हिशेबाने निवडली गेली? आणि जुन्या जागेवरून नव्या जागेवर सोबत कोण गेले? या तिन्ही प्रश्नांना उत्तरे देणारे एक स्थलांतर मराठी मुलखाच्या औद्योगिक इतिहासात आहे. ते मोटारींच्या दुकानाचे नाही. मोटारीच्या आधी या मुलखात आलेल्या वाहनाचे, म्हणजे सायकलचे आहे. हा थ्रेड त्या स्थलांतराविषयी.

३/
साल १८८८. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ ही सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी सायकल येऊन तीन वर्षे झाली होती. त्याच १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याआधीच्या सायकलचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे आणि तिच्यावरून पडणे म्हणजे हातपाय मोडून घेणे असे. नवी सायकल सामान्य माणसाला शिकता येण्याजोगी होती.

४/
याच वर्षी बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ नावाचे सायकलचे दुकान सुरू झाले. दुकान दोघा भावांचे. थोरले रामूअण्णा बेळगावात. धाकटे लक्ष्मणराव मुंबईत. किर्लोस्कर उद्योगसमूह आजही १८८८ हेच आपले स्थापनावर्ष मानतो. पुढे नांगर, पंप, इंजिने आणि लेथ बनवणाऱ्या उद्योगाचा आरंभ वाहनविक्रीच्या दुकानातून झाला, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

५/
लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही मूळचे याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु त्यांच्या दृष्टीत रंग ओळखण्याचा दोष होता. रंगचित्रे सोडून ते यंत्रांच्या रेखाचित्रणाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

६/
व्यवहाराची रीत साधी होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये आणि शिकवण्याचे १५ रुपये, असे आकडे सांगितले जातात. त्या काळी ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. सायकल ही श्रीमंतांची हौस होती. नोकरदाराचे वाहन ती पुष्कळ नंतर झाली.

७/
बेळगावात असे दुकान चालण्यामागे त्या शहराची घडण होती. तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, जिल्ह्याची कचेरी होती, न्यायालये होती. पगारदार अधिकारी, वकील आणि सधन जमीनदार यांची वस्ती होती. मुंबईशी लोहमार्गाने संबंध जुळला होता. नवी वस्तू आधी अशाच शहरात पोहोचते. विक्री आणि शिकवणी एकाच ठिकाणी ठेवणे हीही दूरदृष्टी होती. ज्याला चालवता येत नाही तो वाहन विकत घेत नाही, हे रामूअण्णांनी ओळखले होते.

८/
मुंबईत लक्ष्मणरावांच्या नोकरीत एक घटना घडली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. वसाहतीच्या नोकरशाहीत वरच्या पायऱ्या कोणासाठी राखलेल्या असतात, हे त्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या भारतीयांना असेच कळले. फरक एवढाच की लक्ष्मणरावांच्या मागे एक चालू दुकान होते.

९/
दुकान सायकलींचे होते, पण सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करावी लागते. दुरुस्तीसाठी हत्यारे लागतात, हत्यारांसाठी जागा लागते आणि जागा व हत्यारे हाताशी आली की माणूस दुसऱ्याची वस्तू सांधता सांधता स्वतःची घडवू लागतो. जगभर असेच झाले आहे. त्या काळच्या कितीतरी यंत्रोद्योगांचे मूळ सायकलच्या दुकानात सापडते.

१०/
अमेरिकेतील डेटन शहरात राईट बंधूंचे सायकलचे दुकान १८९२ मध्ये सुरू झाले आणि विमानाचे प्रयोग त्याच्या मागच्या कामाच्या खोलीत झाले. बोहेमियात १८९५ मध्ये लॉरिन आणि क्लेमेंट यांनी सायकली बनवण्यास प्रारंभ केला. तोच कारखाना पुढे श्कोडा झाला. ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करणाऱ्या विल्यम मॉरिसने शेजारच्या काऊली या उपनगरात मोटारींचा कारखाना काढला. त्याची पहिली मोटार १९१३ मध्ये विक्रीस आली.

११/
बेळगावच्या भावांनी मात्र मोटारीकडे न जाता शेताकडे पाहिले. त्यांच्या पहिल्या उत्पादनांपैकी एक होते कडबा कापण्याचे यंत्र, म्हणजे आजच्या भाषेत कडबाकुट्टी. त्यानंतर आला लोखंडी नांगर. किर्लोस्करांचा पहिला नांगर १९०३ च्या सुमाराचा मानला जातो. गिऱ्हाईक बदलले. सायकल घेणारा शहरातला हौशी माणूस होता. नांगर घेणारा दूरच्या खेड्यातला शेतकरी होता.

१२/
नांगर खपेना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. या समजुतीला अडाणीपणा म्हणून हसण्याआधी शेतकऱ्याचा हिशेब पाहावा. त्याच्याजवळ जमीन एकच, हंगाम एकच. नवे अवजार फसले तर विक्रेत्याचा एक नग पडून राहतो, शेतकऱ्याचे मात्र वर्ष जाते. समजूत खोटी असली तरी तिच्यातली सावधगिरी खरी होती.

१३/
दख्खनच्या काळ्या जमिनीत या अवजाराची गरज मात्र मोठी होती. हराळी आणि कुंदा ही तणे खोल मुळे धरतात. त्यांना उपटण्यासाठी जड लाकडी नांगराला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. ज्याच्याजवळ तेवढे बैल नसत त्याला सावड करावी लागे किंवा वाट पाहत बसावे लागे. लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगर ती पालथी करतो. मुखेड, कंधार, उदगीर या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

१४/
नांगर खपू लागले तसा कारखाना वाढला. तो होता बेळगाव शहराच्या कडेला, ठळकवाडी भागात. आज हा भाग टिळकवाडी या नावाने ओळखला जातो आणि शहराच्या मध्यवस्तीचाच भाग वाटतो. त्या काळी ती कडेची मोकळी जागा होती. लोखंडाचे काम करणाऱ्याला अशीच जागा लागते. घणांचा आवाज, भट्टीचा धूर, आगीची भीती. दाट पेठेत हे कोणीही चालवून घेत नाही.

१५/
आणि येथेच पेच आला. शहर वाढत होते आणि नगरपालिकेला ठळकवाडीत नवे उपनगर वसवायचे होते. किर्लोस्करांना जागा सोडण्याचा आदेश मिळाला. काम रंगात आलेले, गिऱ्हाईक नुकते जुळलेले, मजुरांची कुटुंबे त्या कामावर अवलंबून, आणि पायाखालची जागाच जाणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे : जाण्याचा निर्णय मालकाचा नव्हता.

१६/
ही कथा सहसा उद्योजकाच्या बाजूने सांगितली जाते आणि नगरपालिका तिच्यात खलनायक ठरते. इतिहासाच्या अभ्यासकाने दुसरी बाजूही तोलून पाहावी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढील वर्षांत ती प्रांतभर पसरली. दाट वस्ती, कोंदट घरे, तुंबलेली गटारे यांच्याकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, हवेशीर घरे आणि शहराबाहेर नव्या वसाहती, हा त्या काळच्या नगररचनेचा मंत्र होता.

१७/
हवेशीर उपनगर हा चांगला उद्देश होता. प्रश्न निराळा होता. अशा उपनगरात राहणार कोण आणि काम करणार कोण? नव्या नगररचनेत घरांसाठी भूखंड पडत, उद्याने आखली जात, शाळांना जागा मिळे. भट्टी आणि घण यांना जागा नसे. हेही ध्यानात घ्यावे की कारखाना उपनगरात घुसला नव्हता. उपनगरच कारखान्यापर्यंत चालत आले होते. जो आधी कडेला होता तो शहर वाढताच मधे आला.

१८/
लहान कारखानदारासमोर अशा वेळी साधारणतः तीन वाटा असतात. काम बंद करून पुन्हा दुकानदारी करावी. शहराच्या आणखी पलीकडे जागा घ्यावी आणि पुढच्या आदेशाची वाट पाहावी. किंवा शहराचा नाद सोडून द्यावा. किर्लोस्करांनी तिसरी वाट धरली, आणि ती धरता आली याचे कारण बेळगावच्या हद्दीबाहेर, एका निराळ्या राज्यात होते.

१९/
औंध हे सातारा भागातले छोटे संस्थान. त्याची गावे सलग नव्हती. ब्रिटिश मुलखात ती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती. १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, कलेचे जाणकार होते आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून पुढे प्रसिद्ध झाले. जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेला, रंगांनी अडवलेला आणि यंत्रांकडे वळलेला माणूस अशा राजाला जवळचा वाटला असेल, तर नवल नाही.

२०/
बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील कुंडल गावाजवळ ३२ एकर माळरान देऊ केले आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन नापीक होती. निवडुंग माजलेले होते, नागांचा वावर होता. आज ऐकताना हे दान फारसे उदार वाटत नाही. पण त्या माळाला एक गोष्ट लाभलेली होती, जी सुपीक जमिनीलाही सहसा लाभत नसे. त्याच्या शेजारी कुंडल रोड हे रेल्वेस्थानक होते.

२१/
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या स्थानकात आहे. सायकलच्या दुकानाला गिऱ्हाइकाच्या जवळ असावे लागते. माणसाने रस्त्यावरून जाताना सायकल पाहिली पाहिजे. नांगराच्या कारखान्याचे तसे नाही. त्याला बिडाचे लोखंड आणि कोक दुरून आणावा लागतो आणि जड माल दुरवर पाठवावा लागतो. पुणे ते मिरज हा लोहमार्ग कुंडल रोडवरून जात होता. दुकान पेठेजवळ हवे, कारखाना मालगाडीजवळ हवा.

२२/
म्हणजे १९१० मध्ये जे हलले ते १८८८ चे दुकान नव्हते. किर्लोस्करांचा धंदा विक्रीकडून उत्पादनाकडे आधीच सरकला होता. जागा मात्र जुन्या धंद्याची राहिली होती. आदेशाने त्यांच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल, पण नवी जागा त्यांच्या नव्या धंद्याच्या मापाची निघाली. यावरून ‘जे होते ते भल्यासाठी’ असा निष्कर्ष काढू नये. औंधचा माळ मिळाला नसता तर याच आदेशाने हा कारखाना संपला असता, आणि त्याच्याविषयी आज कोणी लिहिले नसते.

२३/
१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. आता तिसरा प्रश्न : सोबत कोण गेले? पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे. बेळगावसारखे शहर सोडून, जेथे सावलीला झाड नाही आणि भाजीला बाजार नाही अशा माळावर ही माणसे गेली. मालकाला आपला उद्योग वाचवायचा होता. कामगाराला ते बंधन नव्हते. शहरात दुसरे काम शोधणे त्यालाही शक्य होते.

२४/
प्रारंभीच्या वाडीची रचना माणसांनुसार उभी राहिली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी, पाणी, स्वच्छता यांचा भार घेतला. शंभोराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. के. के. कुलकर्णी आणि अनंतराव फळणीकर हे शालेय शिक्षणात यश न मिळालेले, पण पडेल ते काम उचलणारे गडी होते. परीक्षेच्या गुणपत्रिकेने ज्यांना बाजूला सारले त्यांना या माळावर जागा मिळाली.

२५/
राखणीला नेमलेल्यांत तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही दोन नावे येतात. दोघांनीही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली होती. त्या काळात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला जात होता, हे लक्षात घेतले की या नेमणुकीचे वजन कळते. ज्यांच्यापासून गावे आपली तिजोरी लपवत, त्यांच्याच हाती येथे कुलपे सोपवली गेली.

२६/
तरीही वाडीचे चित्र केवळ सोनेरी रंगात रंगवू नये. कारखान्याभोवती वसलेल्या गावात मालक हाच घरमालक असतो, पाणी देणारा असतो आणि बऱ्याचदा शिस्त लावणाराही असतो. तेथे नोकरी गेली की घरही जाते. इंग्लंडमध्ये कॅडबरी कुटुंबाने १८७९ मध्ये आपला चॉकलेटचा कारखाना बर्मिंगहॅमच्या गर्दीतून बाहेर नेला. तेथेही रेल्वे व कालवा पाहून जागा निवडली गेली. बोर्नव्हिल या त्या वसाहतीचे जितके कौतुक झाले, तितकीच अशा वसाहतींतील मालकाच्या पालकत्वावर टीकाही झाली.

२७/
पुढील वाटचाल वेगवान होती. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. १९२६ मध्ये वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. नांगराने जमीन उलथली, पंपाने विहिरीचे पाणी वर काढले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमधून अभियांत्रिकी शिकून आले आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. मराठवाड्यातल्या विहिरींवर फटफटणारे ‘किर्लोस्कर इंजिन’ हे त्याच वंशावळीतले.

२८/
माळावरून आणखी एक गोष्ट बाहेर पडली : छापील कागद. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची वार्ता देणारे पत्रक होते. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारी ही मासिके पुण्यामुंबईच्या पेठेत जन्मली नाहीत. ती एका रेल्वेस्थानकाशेजारच्या कारखान्यात जन्मली.

२९/
नकाशा नंतरही हलत राहिला. मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली आणि मुखेडही संस्थानी अमलातून मुक्त झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला लक्ष्मणरावांचे निधन झाले. आज दुकानाचे गाव कर्नाटकात आहे, तर कारखान्याचे गाव सांगली जिल्ह्यात.

३०/
आता पुन्हा मुखेडकडे. नांदेडमार्गे जाणारा हैदराबाद–मनमाड लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि मुदखेडला गाडी आली. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने मुखेड मात्र लोहमार्गापासून दूर राहिले. पश्चिमेकडून बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली. जेथे रूळ नाहीत तेथे कुंडल रोडसारखे स्थानक नसते. अशा गावाचे दळणवळण रस्त्यावरच उभे राहते.

३१/
हैदराबाद संस्थानात १९३२ मध्ये निजाम रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. रूळ नसलेल्या तालुक्यांची जगाशी गाठ हळूहळू बसने पडू लागली. अशा गावांत बसस्थानक हेच रेल्वेस्थानकाचे काम करते. त्याभोवती हॉटेले येतात, मग टायर-पंक्चरची दुकाने, गॅरेज, सुट्या भागांची दुकाने आणि शेवटी वाहने विकणारी मोठी दालने. जुन्या पेठेच्या बोळात ट्रॅक्टर वळत नाही. रस्त्याकडेला तो वळतोही आणि दिसतोही.

३२/
पण त्यामागे ठळकवाडीचाच क्रम पुन्हा चालू असतो. आज रस्त्याकडेला ओसाड वाटणाऱ्या जागेवर दालन उभे राहते. पाठोपाठ प्लॉटिंग होते, बंगले येतात, शाळा येते. मग गॅरेजचा आवाज नकोसा होतो, वळणरस्त्याची मागणी होते, आणि वाहनांचा धंदा त्या नव्या रस्त्याच्या कडेला पुन्हा एकदा हलतो. मोठ्या दालनाच्या मालकाला हे परवडते. त्याच्या आधाराने जगणाऱ्या मिस्त्रीचे, वेल्डरचे, चहावाल्याचे काय होते, हे फलकावर लिहिलेले नसते.

३३/
किर्लोस्करांचे स्थलांतर यशस्वी झाले ते एकट्या लक्ष्मणरावांच्या जिद्दीने नव्हे. जमीन एका संस्थानिकाने दिली. भांडवल कर्जाऊ मिळाले. रेल्वे आधीच आलेली होती. नांगरावर अखेर विश्वास ठेवणारे शेतकरी होते. आणि पंचवीस कुटुंबे माळावर राहायला तयार झाली. यांतला एकही दुवा तुटता तर जिद्दीचा उपयोग झाला नसता. ज्या असंख्य लहान कारखानदारांना असे आदेश मिळाले आणि औंध मिळाले नाही, त्यांच्यात जिद्द कमी होती असे मानण्याचे कारण नाही.

३४/
राईट बंधूंचे डेटनमधले दुकान पुढे हेन्री फोर्ड याने विकत घेऊन, सुटे करून, शेकडो किलोमीटर दूरच्या आपल्या संग्रहालयग्रामात पुन्हा उभे केले. भिंती जपल्या गेल्या, पण दुकान ज्या गल्लीत वाढले ती गल्ली मागे राहिली. कुंडल रोडला याच्या उलट झाले. बेळगावच्या भिंती मागे राहिल्या, माणसे पुढे गेली, आणि कालांतराने रेल्वेला आपल्या स्थानकाचे नाव बदलावे लागले. आजही पुणे–मिरज मार्गावरच्या प्रवाशाला ‘किर्लोस्करवाडी’ हीच पाटी दिसते.

३५/
इतिहासाची आवड असलेल्या तरुणांसाठी यात एक सोपे काम आहे. मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर, उदगीर येथील जुन्या सायकल, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दुकानांच्या पावत्या घरोघरी सापडतात. पावतीच्या माथ्यावर दुकानाचा पत्ता छापलेला असतो. वेगवेगळ्या वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवल्या की गाव कोणत्या दिशेला सरकले ते दिसते. मग तेथल्या वृद्ध मिस्त्रीला तेच तीन प्रश्न विचारावेत : जा म्हणाले कोण, जागा निवडली कशी, आणि सोबत कोण गेले?

(थ्रेड समाप्त)